शिडीची आई

आमच्या विकेटकीपरला सगळे रेडिओ म्हणायचे. हे नाव कुणी ठेवलं ते आठवत नाही, पण ठेवणारीला फार डोकं चालवावं लागलं नसणार. स्टंपांमागे वाकली की तिचं तोंड जे सुरू व्हायचं ते डाव संपेपर्यंत. बोलरला सूचना, फिल्डरांना दम, अंपायरच्या टोपीवर शेरे, समोरच्या बॅटरच्या सात पिढ्यांचा उद्धार, सगळं एका दमात आणि सगळं आपल्या भाषेत. परदेश दौऱ्यावर तर तिला जास्तच चेव यायचा. "इथं कुणाच्या बापाला कळतंय!" असं म्हणून ती जे सुटायची!

मी ऑफस्पिन टाकते. त्यामुळे मैदानात तिच्या बोलण्याचा पहिला मारा माझ्यावर, आणि दौऱ्यावर खोलीही आमची एकच. दिवसभर जे ऐकलं तेच संध्याकाळी पलंगावर पडून पुन्हा ऐकायचं, एवढाच काय तो फरक.

त्या दौऱ्यात तीन एकदिवसीय सामने होते. यजमानांच्या संघात एक ताडमाड बॅटर होती. चेहऱ्यानं, रंगानं, नावानं, सगळ्या बाजूंनी तिकडचीच. पहिल्या सामन्यात ती खेळायला आली आणि रेडिओनं तिचं नाव ठेवून टाकलं. "आली बघा शिडी! हिला बाद करायचं नाही गं, भिंतीला टेकवून ठेवायची."

मी हसले. शिडीनं शांतपणे गार्ड घेतला.

"सरळ टाक," रेडिओ म्हणाली, "हिला वाटेल वळणार." मी सरळ जाणारा चेंडू टाकला. शिडीनं तो सरळच मारला, माझ्या कानाजवळून चौकार.

"बरं, आता बाहेर टाक. पुढे येऊ दे, मी स्टंप करते." मी बाहेर टाकला. शिडी तसूभरही पुढे आली नाही. मागच्या पायावर आरामात थांबून तिनं कट केला. पुन्हा चौकार.

असं तासभर चाललं. रेडिओनं मागावं, मी टाकावं आणि शिडीनं आधीच पाट मांडून बसल्यासारखी वाट बघावी. आमची मध्यमगती बोलर मौनी हिलासुद्धा तिनं तसंच धुतलं. मौनी नावाप्रमाणेच. दौऱ्यावर निघाल्यापासून ती जेवढे शब्द बोलली होती तेवढे रेडिओ दात घासता घासता बोलायची.

सामना आम्ही हरलो. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात अडकून राहिली. मध्येच रेडिओ अंपायरबद्दल म्हणाली होती, "हा असा चालतोय, जणू चड्डीत मुंग्या शिरल्यात." तेव्हा आमच्या मुली हसल्याच, पण शिडीचे खांदेही हलत होते. मला पाठमोरी होती, तरी मी ते बघितलं.

"तिला कळतं," मी ड्रेसिंग रूममध्ये म्हणाले.

"काय कळतं?"

"आपली भाषा."

"वेडी आहेस का? माझा विनोद आहे तो. दगडालाही हसू येईल."

संध्याकाळी दोन्ही संघांसाठी चहापान होतं. लांबलचक टेबलं, त्यावर वाळायला लागलेली सँडविचेस, आणि एक पदाधिकारी न संपणारं भाषण करत होते. शिडी आमच्यापासून दोन हातांवर उभी होती. रेडिओनं माझ्याकडे बघून डोळा मारला आणि अगदी हवापाण्याच्या गप्पा मारल्यासारख्या आवाजात म्हणाली, "अगं, त्या शिडीच्या बुटाची नाडी सुटलीय. तोंडावर पडेल बिचारी."

शिडीनं झटकन खाली बघितलं.

गंमत म्हणजे तिच्या पायात बूट नव्हतेच. साध्या चपला होत्या. नाडी कुठली सुटणार! तिच्या ते लक्षात आलं तशी तिनं मान वर केली, पण तोवर रेडिओ सँडविच उघडून आत काय आहे ते बघण्यात दंग झाली होती. मी मात्र छताकडे बघत होते, कारण दुसरीकडे कुठे बघितलं असतं तर हसू फुटलं असतं.

खोलीत आल्यावर रेडिओ पलंगावर धाडकन बसली. "म्हणजे मी आज दिवसभर तिला आपला बेत वाचून दाखवत होते?"

"मोठ्यानं. आणि दोन-दोनदा."

मला वाटलं, आता हिला लाज वाटेल. कुठली लाज! तिचे डोळे चमकायला लागले. मांजराला दुधाचं भांडं उघडं दिसावं तसे. "तिला माहीत नाही की आपल्याला माहीत आहे," ती म्हणाली. "अगं, सोन्यासारखी संधी आहे ही!"

बेत सोपा होता. पुढच्या सामन्यात सगळं उलटं. रेडिओ 'बाहेर' म्हणाली की मी आत टाकायचं, 'सरळ' म्हणाली की वळवायचं, 'वर' म्हणाली की जोरात आणि आखूड. हॉटेलच्या लांब कॉरिडॉरमध्ये आम्ही मोज्यांचे गोळे करून सराव केला. चादरी बदलायला आलेली बाई गाडी थांबवून बघत राहिली आणि एक मोजा हवेतच झेलून परत देऊन गेली. मी दोन दिवसांत तयार झाले. मौनीचं मात्र जमेना. 'बाहेर' म्हटलं की ती थांबायची, कपाळाला आठ्या घालायची आणि चेंडू भलतीकडेच जायचा.

शेवटी खोलीत येऊन रेडिओनं हात टेकले. "तू असं कर, माझं ऐकूच नकोस. तुला वाटेल ते टाक."

"मग आत्तापर्यंत काय करत होते?" मौनी म्हणाली.

मला उशी तोंडावर घ्यावी लागली.

कॅप्टनला सांगणं भाग होतं. तिला आम्ही ताई म्हणतो, कारण ती वयानं मोठी आणि रागवायलाही मोठी. तिनं सगळं ऐकून घेतलं. "हे नियमात बसतं ना?"

"ताई, आपल्याच मैत्रिणीशी आपल्याच भाषेत बोलायचं. त्यात कुठला नियम आडवा येणार? दुसऱ्याचं चोरून ऐकणाऱ्यानं आपलं आपण बघावं."

ताईनं विचार केला. "बोलर धावायला लागली की एक शब्द बोलायचा नाही. आणि त्या पोरीच्या उंचीवरून बोलणं बंद."

दुसऱ्या सामन्यात शिडी आली तेव्हा रेडिओ नुसती ओसंडून वाहत होती. पहिले काही चेंडू तिनं खरंखरंच सांगितलं. शिडीला भरवसा वाटावा म्हणून! शिडीनं दोन चौकार मारले. मला ते फार लागले, पण मासा धरायचा तर गळाला काही लावावं लागतंच.

मग रेडिओ ओरडली, "आता बाहेर टाक गं! लांब, चांगला लांब! ही वाकायला गेली की मी उडवते हिचे स्टंप!"

मी धावले. शिडी आधीच मागे सरकून कटच्या तयारीत उभी होती, बॅट वर, चेहऱ्यावर दुपारच्या झोपेतून उठल्याची निवांत प्रसन्नता. चेंडू सरळ आत आला. मधला स्टंप उडून रेडिओच्या पायाशी पडला.

आमच्या मुलींनी जो गलका केला! शिडी पडलेल्या स्टंपकडे बघत होती. मग तिनं रेडिओकडे बघितलं. कमरेवर हात ठेवला आणि स्वच्छ, खणखणीत आपल्या भाषेत म्हणाली, "कार्टे! खोटं बोलतेस? थांब, तुझ्याकडे नंतर बघते."

आणि निघून गेली.

एरवी जगातल्या कुठल्याही माणसाला उत्तर देणारी आमची रेडिओ तोंड उघडं टाकून उभी राहिली. पुढची दोन षटकं तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. मला तर चेंडू कुठे टाकावा तेच सुचेना.

तो सामना आम्ही जिंकलो. मालिका बरोबरीत आली.

दुसऱ्या दिवशी विश्रांती होती. दुपारी खोलीतला फोन वाजला. खाली विकेटकीपरला भेटायला कुणीतरी आलंय म्हणे. रेडिओनं केस विंचरले, तिला वाटलं वार्ताहर असेल. मीही सोबत गेले.

खाली सोफ्यावर एक ठेंगणी बाई बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, शेजारी मिटलेली छत्री, पाय जमिनीला जेमतेम टेकलेले. रेडिओला बघताच ती उठली.

"तूच ना ती? माझ्या मुलीला शिडी म्हणणारी?"

आपली भाषा. अगदी घरातली. रेडिओनं मागे वळून लिफ्टकडे बघितलं, पण लिफ्ट वर गेली होती.

"का... काकू, ते आपलं गमतीनं..."

"दोन्ही सामने बघितलेत मी टीव्हीवर. स्टंपात तो माइक असतो ना, त्यातून तुझा शब्द न् शब्द घरात ऐकू येतो. चड्डीत मुंग्या शिरल्याचंसुद्धा ऐकलं."

म्हणजे त्या देशात घरोघरी आमचा रेडिओ लागला होता! समजणारी माणसं किती असतील देव जाणे. रेडिओच्या कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या.

काकूनं आणखी थोडी मजा बघितली. मग एकदम हसत सुटली. "अगं, बस, बस. रागवायला नाही आले. लग्न होऊन इकडे आले त्याला जन्म झाला. आमच्या टीव्हीवर आपलं बोलणं कधी ऐकलं नव्हतं बघ. तू बोलायला लागलीस तर नवऱ्याला वाटलं टीव्ही बिघडला. मी म्हटलं, हात लावू नका, आज पहिल्यांदा नीट लागलाय!"

मग काय, दोघींची जी जुंपली! मी चहा मागवला तो गार झाला. काकूला बोलायला माणूस हवं होतं आणि रेडिओला कान. पण त्या दिवशी रेडिओ ऐकत होती आणि बोलत होती काकू. सासरच्या माणसांचं, थंडीचं, भाषा शिकताना झालेल्या फजितीचं. मुलीला आपली भाषा कशी येते तेही कळलं. "लाड करायचे ते मी इकडच्या भाषेत, सगळ्यांना कळावेत म्हणून. राग आला की मात्र आपलीच भाषा तोंडातून सुटायची. त्यामुळे तिला बोलणी तेवढी पक्की येतात. प्रेमाचा एक शब्द धड येत नाही."

निघता निघता काकूनं पिशवी खांद्याला लावली आणि सुस्कारा सोडला. "उद्या जरा सांभाळून टाका गं पोरींनो. लहानपणी कपाळाला चेंडू लागला होता. खोक पडली होती एवढी! तेव्हापासून छातीच्या वर चेंडू आला ना, की डोळेच मिटतात. आईचा जीव, राहवत नाही म्हणून बोलले. कुणाला सांगू नका हं."

"छे छे, काकू! असं कसं सांगू?" रेडिओ म्हणाली. डोळ्यांत पाणी यायचंच काय ते बाकी होतं.

काकू फिरत्या दारातून बाहेर पडली. दार फिरायचं थांबलं नव्हतं तोच रेडिओनं माझं मनगट धरलं. "आखूड! छातीच्या वर! ताई कुठंय?"

संध्याकाळी ताईच्या खोलीत बैठक भरली. रेडिओ पलंगावर उभी राहून शिडीचं डोळे मिटणं करून दाखवत होती. मौनी कोपऱ्यातून काहीतरी पुटपुटली, पण रेडिओचं बोलणं चालू असताना तोफेचा आवाजही ऐकू आला नसता. ठरलं. शिडी आली की मौनीनं आखूड आणि उसळते टाकायचे.

शेवटच्या सामन्याला मैदान भरलं होतं. शिडी आली तशी ताईनं चेंडू मौनीकडे दिला. मौनी खांदे उडवून धावायला गेली. पहिला आखूड चेंडू शिडीच्या गळ्याच्या उंचीवर आला. ती टाचेवर गर्रकन वळली आणि चेंडू जाहिरातीच्या फळीवर आदळून परत आत आला.

"नशीब गं, नशीब!" रेडिओ ओरडली. "मिटलेल्या डोळ्यांनी बसला!"

दुसरा चेंडू फळीवरून पलीकडे गेला. तिसरा तर प्रेक्षकांत एका म्हाताऱ्यानं उभ्या उभ्या झेलला आणि टोपी काढून सगळ्यांचे आभार मानले. रेडिओचा आवाज खाली खाली यायला लागला.

षटक संपलं तशी शिडी हातमोजे ठीक करत वळली. "आईनं कपाळाचं सांगितलं?"

रेडिओ जागेवरच असलेली बेल उगीच नीट करायला लागली.

"ते कपाळ माझ्या दादाचं. तो आता बुद्धिबळ खेळतो." मग जरा थांबून, शब्द शोधत, "आई काल म्हणाली, घोडे, आखूड चेंडूची प्रॅक्टिस करून जा. मला वाटलं उगीच बडबडतेय."

मी प्रेक्षकांत बघितलं. खेळाडूंच्या खोलीखालच्या रांगेत काकू बसली होती, छत्री मांडीवर, हातात सफरचंद. आमच्याकडे बघून तिनं मनापासून हात हलवला.

पाणी प्यायच्या वेळी ताईनं रेडिओकडे नुसतं बघितलं. मी मौनीला विचारलं, "काल तू काय म्हणत होतीस गं?"

"म्हणत होते, कुठली आई असं सांगेल?"

शिडीनं शतक ठोकलं. शेवटी माझ्याच चेंडूवर सीमारेषेवर झेल देऊन गेली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आमची फलंदाजी मात्र चांगली झाली, आणि त्यात रेडिओ सगळ्यात चांगली. खाल्लेला मार तिच्या अंगात आग होऊन पेटला होता. मी दुसऱ्या टोकाला उभी होते. धावा आवाक्यात यायला लागल्या, यजमानांची कॅप्टन घामाघूम झाली, आणि तिनं शिडीला स्लिपमध्ये आणून उभं केलं.

बोलर आपल्या खुणेकडे परत चालली होती. तेवढ्यात स्लिपमधून आवाज आला. "आधी दूध संपव!"

रेडिओनं चमकून मागे बघितलं.

"ताटात काही टाकायचं नाही. सगळं खायचं." शिडीचा चेहरा दगडासारखा गंभीर. आपल्या आईचा सूर तिनं असा पकडला होता की काकू स्वतःच तिथं येऊन उभी राहिलीय असं वाटावं. "अभ्यास नको, नुसतं खेळायला पाहिजे. थांब, बाबांना सांगते!"

बोलर धावायला लागली. शिडी गप्प झाली, अगदी नियमानं. पण रेडिओचं पोट हलायला लागलं होतं. तिनं ओठ दाबले, नाक दाबता आलं असतं तर तेही दाबलं असतं. चेंडू आला तेव्हा ती इतकी हसत होती की बॅट खाली आलीच नाही. त्रिफळा! अंपायर बिचारा एकदा तिच्याकडे, एकदा शिडीकडे बघत राहिला. बाद झालेली बॅटर पोट धरून हसते, हे त्यानं जन्मात बघितलं नसणार.

पुढे मी आणि मौनीनं हातपाय मारले, पण थोडक्यात हरलो. मालिका गेली.

बक्षीस समारंभ झाला, आणि रेडिओ तरातरा सीमारेषेच्या दोरीपाशी गेली. काकू तिथं उभीच होती.

"काकू, तुम्ही तर मला चक्क गंडवलंत!"

"अगं, आईला विचारून का कुणी बोलिंग करतं?" काकू म्हणाली. "आणि तू माझ्या पोरीला गंडवलंस ते? तिचा मधला स्टंप उडाला तेव्हा माझ्या हातातला कप पडला. तो काय फुकट जाणार होता?"

रेडिओ खाली दोरीशेजारी गवतावरच बसली. काकूही बसली. मग मी, मग मौनी, मग एकेक करत सगळ्याच. शिडी आईची पिशवी धरून मागे उभी. "आई, चल ना," ती म्हणत होती, आणि काकू तिच्याकडे न बघता, "थांब गं, माणसं बोलतायत," म्हणत होती.

ताई आम्हाला उठवायला आली. बसचा भोंगा दोनदा वाजून गेला होता. उठवायचं सोडून ती काकूला म्हणाली, "आता तरी खरं सांगा. ही चुकते तरी कुठे?"

काकूनं शिडीकडे नीट बघून घेतलं. "एका हाकेत जेवायला येत नाही. बाकी माझ्या पोरीत काही खोट नाही."

शिडी कानापर्यंत लाल झाली आणि पिशवीत काहीतरी शोधायला लागली.

तिसऱ्या भोंग्याला मॅनेजरबाई स्वतः खाली उतरल्या, तेव्हा आम्ही बसमध्ये चढलो. काकू बोलतच खिडकीपाशी आली. तिच्या धाकट्या नणंदेची काहीतरी गोष्ट चालू होती. नवऱ्यानं तिला न विचारता घोडा विकत आणला, तो तिनं स्वयंपाकघरात बांधला, अशी काहीतरी. बस हळूहळू निघाली आणि काकू छत्री हलवत शेजारून चालायला लागली. रेडिओ खिडकीतून अर्धी बाहेर. "मग? मग काय झालं?"

"मग काय! सकाळी नवरा उठून बघतो तर..." काकू म्हणाली, आणि फाटक आलं. ड्रायव्हरनं गिअर बदलला. काकू पुढचं ओरडून सांगत होती, पण इंजिनाच्या घरघरीत आम्हाला एवढंच कळलं की त्यात घोडा होता आणि मटार होते.

विमानतळापर्यंत आमचं भांडण त्यावरच. मी म्हणत होते घोड्यानं मटार खाल्ले. ताई म्हणत होती नवऱ्याला सोलायला लावले. रेडिओचं म्हणणं होतं की तिसरंच काहीतरी होतं आणि आपण परत फिरून विचारून यायला हवं. मॅनेजरबाईंनी तिला दोनदा खाली बसवलं.